इंदापूरचे रुमाल आणि त्रैमासिकाची पाने

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढल्या आणि जाळून टाकल्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी असेच घडत राहिले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. शाळेच्या पुस्तकात हा भाग ‘दख्खनचे दंगे’ या नावाखाली दोन-चार ओळींत संपतो.

नव्वद वर्षांनंतर हाच प्रसंग इतिहासाच्या नियतकालिकांत वादाचा विषय झाला. १९६५ मध्ये रविंदर कुमार यांनी ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये या दंग्यांवर लेख लिहिला. इंग्रजी राजवटीच्या महसूल धोरणाने गावातले जुने संबंध कसे विस्कटले, पाटलाचे वजन कसे घटले आणि सावकाराचे कसे वाढले, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’मध्ये आय. जे. कॅटनाक यांनी एकोणिसाव्या शतकातील शेतकरी असंतोषाची वेगळी चिकित्सा केली. १९७२ मध्ये नील चार्ल्सवर्थ यांनी ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये थेट असे म्हटले की, या दंग्यांचे महत्त्व फुगवून सांगितले गेले आहे, ते थोड्या भागात घडले आणि त्यांच्यामुळे ग्रामीण समाजात फार मोठी उलथापालथ झाली नाही. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच या दंग्यांना मिथक म्हटले होते. सुमित गुहा यांनी १९८५ मध्ये मुंबई इलाख्यातील दख्खनच्या शेतीव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हे सगळे प्रश्न पुन्हा तपासले गेले.

नियतकालिकांत लिहिणाऱ्या पहिल्या तिघांसमोर मुख्य कागद जवळपास तेच होते: आयोगाचा अहवाल, महसूल खात्याची पत्रे, जमाबंदीचे आकडे. प्रश्न मात्र निरनिराळे होते, म्हणून उत्तरेही निरनिराळी निघाली. एकाने लेख लिहिला नसता तर दुसऱ्याला खोडायला काही सापडले नसते. इतिहासाच्या नियतकालिकाचे काम यातून नेमके दिसते. तिथे छापलेल्या लेखाला पुरावा दाखवावा लागतो, आणि तो पुरावा दुसऱ्याला उघडून पाहता येईल अशी सोय लेखकाने ठेवावी लागते.

बारामती आणि इंदापूर यांच्या पट्ट्यातले अंथुर्णे हे गाव याच टापूतले, इंदापूर तालुक्यातले. एका बाजूला भवानीनगर आणि वालचंदनगरची साखर कारखानदारी, दुसऱ्या बाजूला इंदापूरचे जुने परगण्याचे ठाणे. अशा गावाचा भूतकाळ आठवणींत असतो, यात्रेत असतो, भाऊबंदकीच्या जुन्या दाव्यांत असतो. पण तो अभ्यासकांच्या चर्चेत जायचा असेल तर कोणीतरी त्यावर लेख तयार करावा लागतो, तो संपादकाकडे पाठवावा लागतो आणि परीक्षकांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात. ही वाट इंग्रजी विद्यापीठांनी आखली असा एक समज आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो अर्धाच खरा आहे. इतिहासाचा लेख कसा सिद्ध करावा, याची एक कडक आणि स्वाभिमानी परंपरा मराठीत दीडशे वर्षे चालत आली आहे.

तिची सुरुवात एका आक्षेपाने झाली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या मराठी भाषांतरावर शाळांतून एक पिढी वाढली. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच या ग्रंथावर टीका करणारा निबंध लिहिला. तो आधी पुण्यातल्या तरुणांच्या सभेपुढे वाचला गेला आणि नंतर, १८६८ च्या सुमारास, ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात छापला गेला. डफने कोणती साधने वापरली, कोणती सोडली, कुठे अनुमान ताणले, याचा हिशेब एका तरुणाने मागितला होता. आधी जाणकारांपुढे वाचन आणि मग छपाई हा क्रम तेव्हाच दिसतो, आणि तो पुढे कायम राहिला.

हिशेब मागायचा तर साधने लोकांपुढे आली पाहिजेत. १८७८ मध्ये ‘काव्येतिहास संग्रह’ हे मासिक सुरू झाले. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ते चालवले. दहा-अकरा वर्षांत त्यातून बखरी, पत्रे, यादी आणि जुनी काव्ये अंकामागून अंकात छापून आली. तोवर जे कागद सरदार घराण्यांच्या आणि मठांच्या कोठारांत होते, ते वर्गणीदाराच्या घरी टपालाने येऊ लागले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेला पटवर्धनांच्या दफ्तरातून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर ते काम केले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ‘भारतवर्ष’ आणि ‘इतिहाससंग्रह’ ही मासिके चालवली.

१८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला. पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहार आणि त्याला जोडलेली प्रदीर्घ प्रस्तावना, अशी त्याची रचना होती. या मालेचे पुढे २२ खंड झाले. राजवाड्यांनी घालून दिलेल्या पद्धतीतल्या तीन गोष्टी आजही लेख लिहिणाऱ्याला लागू आहेत. प्रत्येक कागदाला स्वतंत्र लेखांक द्यायचा, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकाला नेमके बोट ठेवता येते. मजकूर जसा आहे तसा छापायचा. शुद्धलेखन सुधारायचे नाही, गाळलेली जागा गाळलेलीच दाखवायची. आणि कागद कुणाच्या दफ्तरातला, कुठे मिळाला, ते सांगायचे. समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांना एकाच मापाने मोजायचे नाही, हा आग्रहही त्यांनी त्या काळच्या वाचकांत रुजवला.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडो चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या आरंभीच्या व्यवहाराकडे पाहिले तर लेख ‘सादर करणे’ या क्रियेचा मूळ अर्थ कळतो. ठरावीक दिवशी सभा भरायची. ज्याला काही सापडले असेल त्याने ते सभेपुढे वाचायचे. कागद मूळचा असेल तर तो सोबत आणायचा. सभेत बसलेल्यांपैकी कुणी मोडीत मुरलेला, कुणी फारसी जाणणारा, कुणी नाणी पाहणारा, कुणी पंचांगाचे गणित करणारा. तिथल्या तिथे शंका निघायच्या: ही तिथी त्या वाराशी जुळते का, हा शिक्का त्या सालात चालू होता का, हे अक्षर त्या काळचे वाटते का. टिकलेला मजकूर मंडळाच्या वार्षिक इतिवृत्तात किंवा संमेलनवृत्तात जायचा. १९२० मध्ये मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले आणि या वाचनांना कायमचे घर मिळाले. दत्तो वामन पोतदार, शंकर नारायण जोशी, गणेश हरी खरे यांच्यासारख्यांनी पुढची अनेक दशके ही शिस्त सांभाळली.

आज ज्याला तज्ज्ञ परीक्षण म्हणतात, त्याचेच हे उघड रूप होते. फरक एवढाच की तेव्हा परीक्षकाचा चेहरा लेखकासमोर असायचा. त्यात फायदा होता, कारण शंकेला तत्काळ उत्तर देता यायचे. त्यात तोटाही होता, कारण बोलणाऱ्याच्या वयाचे आणि नावाचे दडपण लेखावर यायचे. आजच्या पद्धतीत लेखकाचे नाव परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षकाचे लेखकाला. अंथुर्ण्याहून पाठवलेला लेख आणि ऑक्सफर्डहून पाठवलेला लेख एकाच ढिगात, बिननावाचा जाऊन पडतो. खेड्यातल्या अभ्यासकाला हे बळ राजवाड्यांच्या काळात नव्हते.

मंडळाच्या या व्यवहाराने काय साधले याचे सर्वांत ठळक उदाहरण जेधे शकावलीचे. भोर भागातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही नोंदवही. शकवार, तिथीवार घटना, फारशी टीकाटिप्पणी नाही. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तोवर शिवजन्माचे साल १६२७ धरण्याकडे कल होता. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका नोंदीवर प्रश्न सुटला नाही, सुटायलाही नको होता. पुढे तंजावरला सापडलेले परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी प्रसिद्ध केले आणि त्यातली तिथी शकावलीशी जुळली. जोधपूरला सापडलेल्या जन्मकुंडलीनेही तोच कौल दिला. एकमेकांशी संबंध नसलेली तीन साधने, तीन दूरची ठिकाणे. महाराष्ट्र शासनाने आज स्वीकारलेली शिवजयंतीची तारीख याच तपासणीतून आली. खेड्यातल्या एका घराने जपलेली वही संमेलनवृत्तात छापली गेली नसती, तर ती ताडून पाहण्याची संधीच कुणाला मिळाली नसती.

मंडळ केवळ मराठीपुरते राहिले नाही. १९३५ मध्ये मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात अखिल भारतीय आधुनिक इतिहास परिषद भरली. सर शफाअत अहमद खान तिचे अध्यक्ष होते. तीच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस म्हणून देशभर वाढली. आज देशातले हजारो प्राध्यापक आणि विद्यार्थी ज्या व्यासपीठावर दरवर्षी निबंध वाचतात, त्याची पहिली बैठक पुण्यात झाली.

आता इंदापूरकडे वळू. या परगण्यावर लिहायचे ठरवणाऱ्याला साधनांची ददात नाही. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले अशी परंपरा आहे आणि त्या लढाईच्या सालाबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पेशवाईतले कागद पुणे पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडात गुंडाळलेले दफ्तराचे गाठोडे. त्याच्या आत पुडकी, पुडक्यांत कागद. असे कोट्यवधी कागद तिथे आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक मजकुराचे ४५ खंड संपादित केले. ती निवड मुख्यतः राजकारणाची होती. परगण्यांचे हिशेब, झडत्या, ताळेबंद, जकातीची खाती रुमालांतच राहिली. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमके हेच कागद हवे असतात.

हे ओळखून परदेशातले अभ्यासक इथे आले. हिरोशी फुकाझावा यांनी मध्ययुगीन दख्खनची गावे, वतने आणि जातिव्यवस्था यांवर मराठी कागद वाचून लिहिले. मिचिहिरो ओगावा या जपानी संशोधकाने पेशवाईच्या उत्तरार्धापासून कंपनीच्या अमलाच्या सुरुवातीपर्यंतच्या इंदापूर परगण्यावरच संशोधन केले. दूरच्या देशातून मोडी शिकायला आलेला माणूस जे वाचतो, ते इंदापूर-बारामतीच्या पोरांना वाचता येणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही. बारामतीत १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, इंदापुरात महाविद्यालय आहे, आणि पुराभिलेखागार एसटीने गाठता येते.

पहिला अडसर लिपीचा. मोडीत लेखणी फारशी न उचलता लिहितात. आधी ओळ आखतात आणि तिच्याखाली अक्षरे लोंबकळत जातात. दोन शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. हिशेबी कागदात त्यावर संक्षेपांची भर पडते. ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती, कागद पोचल्याची नोंद. लिहिल्याची तारीख एक आणि पोचल्याची दुसरी. ती दुसरी लिहिल्याची म्हणून घेतली तर लेखाचा कणाच मोडतो. मापे वेगळी: २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर, २० मणांची खंडी. जमिनीचा आकडा चाहुरात आणि नंतरचा एकरात असेल तर लेखकाने आधी दोन्ही एका मापात आणून दाखवायचे आणि कोणते प्रमाण धरले ते तळटीपेत सांगायचे.

तारखेचा प्रश्न याहून नाजूक. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत येतो. समजा कागदावर ‘इसन्ने समानीन मया व अलफ’ आणि ‘छ ७ रबिलाखर’ असे आहे. इसन्ने दोन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सन ११८२. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षीचा रबिलाखर मार्च महिन्यात पडतो, तेव्हा हा कागद मार्च १७८२ चा. कुणी सरसकट ५९९ मिळवले तर तो मार्च १७८१ चा होईल. मार्च १७८१ मध्ये बोरघाटात जनरल गॉडर्डच्या फौजेशी झुंज चालली होती. मार्च १७८२ मध्ये सालबाईच्या तहाची वेळ जवळ आली होती, मे महिन्यात तो झालाही. एका अंकाने कागद युद्धातून तहात जातो. म्हणून जंत्री, म्हणजे तारखा जुळवण्याची कोष्टके, हाताशी लागते. पेशवेकाळासाठी बाळाजी प्रभाकर मोडकांची, शिवकाळासाठी गणेश सखाराम खऱ्यांची. ग. ह. खरे यांनी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक याच गरजेतून लिहिले: कालगणना, मापे, लिप्या, शिक्के यांची जुजबी पण पक्की माहिती नवख्याच्या हाती एकत्र द्यावी म्हणून.

पेशवाई संपल्यावर इंदापूरच्या कागदांचे रूप पालटते आणि जगाच्या आर्थिक इतिहासात या तालुक्याला जागा मिळते. १८०२ ची यशवंतराव होळकरांची स्वारी आणि १८०३–०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख खचला होता. कंपनी सरकारच्या काळात रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्याची जमाबंदी बसवली. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्यांच्या डोक्यात होता. पिकातून खर्च वजा करून जे निव्वळ उत्पन्न उरेल, त्याच्या ५५ टक्के सरकारचे, असे गणित त्यांनी मांडले. ते शेतावर उतरवणाऱ्या खालच्या अंमलदारांनी मोजणीत आणि प्रतवारीत मनमानी केली. भाव पडलेले होते, आकार भरमसाट होता. लागवड घटली, शेतकरी गाव सोडून जाऊ लागले.

१८३५ मध्ये हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने इंदापूरची दशा पाहिली आणि नवी मोजणी मागितली. लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर त्याच्या जोडीला आला. साखळीने शेते मोजली गेली. तेहतीस फुटी बाजूचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीचे रंग, पोत आणि खोली पाहून आणेवारीने प्रती ठरल्या. प्रत्येक शेताला नंबर मिळाला. निव्वळ उत्पन्नाचा कागदी सिद्धान्त बाजूला ठेवून, शेतकऱ्याला पेलेल असा आकार तीस वर्षांसाठी कायम करण्यात आला. १८३६ मध्ये इंदापूरला बसलेली ही पद्धत सुधारत सुधारत १८४७ च्या संयुक्त अहवालातून मुंबई इलाखाभर लागू झाली. आज सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर किंवा गट नंबर असतो, त्याच्या वंशावळीत इंदापूर तालुका आरंभीच उभा आहे. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६० च्या दशकात आकार पुन्हा ठरले आणि ते चांगलेच वाढले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव तोवर उतरले होते. १८७५ च्या सुप्याच्या आगीमागे ही वाढ किती आणि सावकारी किती, हाच रविंदर कुमारांपासून चार्ल्सवर्थपर्यंतच्या वादाचा गाभा.

अशा विषयावर लेख तयार करताना पहिली कसोटी प्रश्नाची. ‘इंदापूर परगण्याचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे, ते नुसते क्षेत्र झाले. ‘१८३६ च्या मोजणीनंतर अंथुर्ण्यासारख्या एका गावात लागवडीखालची जमीन वाढली का, आणि ती कोणाच्या नावे वाढली?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. संपादक लेख हाती घेतल्यावर पहिल्या दोन पानांत हेच शोधतो. तिथे गावाची भौगोलिक माहिती, दंतकथा आणि थोर पुरुषांची यादी आली तर तो पुढे जात नाही. प्रश्नावर आजवर कोणी काय म्हटले आणि हा लेख त्यात काय भर घालतो, हे दोन परिच्छेदांत आले पाहिजे. कुमार, कॅटनाक, चार्ल्सवर्थ, गुहा यांना वाचलेच नाही असे दिसले, तर परीक्षक तेच पहिले लिहून पाठवतो.

दुसरी कसोटी तळटीपेची. ‘पेशवे दफ्तरावरून’ एवढे लिहून भागत नाही. पुराभिलेखागाराचे नाव, दफ्तराचा विभाग, रुमाल क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागदाची तारीख, या क्रमाने टीप दिली म्हणजे पुण्यात गेलेला दुसरा माणूस तोच कागद मागवू शकतो. राजवाड्यांच्या लेखांकाचे हेच आधुनिक रूप. एखादा महत्त्वाचा कागद पहिल्यांदाच उजेडात येत असेल तर त्याचे देवनागरी लिप्यंतर परिशिष्टात पूर्ण द्यावे, शंकास्पद अक्षरापुढे तशी खूण करावी. कागद गावातल्या एखाद्या घरचा असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि कागदाचे छायाचित्र घेऊन मूळ प्रत त्याच घरात सुरक्षित राहील असे पाहावे. वतनाच्या भांडणांत बनावट महजर पूर्वीही तयार झाले आहेत. म्हणून घरच्या कागदाला सरकारी दफ्तरातल्या नोंदीचा दुजोरा शोधणे हे लेखकाचेच काम, परीक्षकाने सांगण्याची वाट पाहू नये.

मग नियतकालिकाची निवड. मराठीत लिहायचे तर भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आहे आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’ची परंपरा आहे. राजवाड्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाल्यावर त्यांच्या संग्रहाभोवती ते मंडळ उभे राहिले. इंग्रजीत लिहिले तर वाचक दूरवरचे मिळतात. नियतकालिकाचे मागचे अंक वाचल्याशिवाय लेख पाठवू नये. कोणत्या लांबीचे, कोणत्या धाटणीचे लेख तिथे येतात ते त्यातूनच समजते. लेखकासाठीच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात: शब्दमर्यादा, दीडशे-दोनशे शब्दांचा गोषवारा, पाच-सहा कळीचे शब्द, टिपांची ठरलेली पद्धत, नकाशे आणि कोष्टके वेगळ्या फाइलमध्ये. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरे विस्कटतात, आणि संपादकाकडे ती लावत बसायला वेळ नसतो. लेखकाचे नाव असलेले पान वेगळे ठेवायचे. मजकुरातही ‘माझ्या पूर्वीच्या लेखात’ अशी ओळख पटवणारी वाक्ये काढून टाकायची. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही, हा सर्वत्र मान्य झालेला दंडक आहे.

याच टप्प्यावर नवख्यांची फसगत होते. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो, अशी जाहिरात करणारी नियतकालिके गेल्या काही वर्षांत उदंड झाली, कारण नोकरी आणि बढतीसाठी लेखांची संख्या मोजली जाऊ लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. पारख आता संस्थांवर आणि स्वतः लेखकावर आली आहे. संपादक मंडळ कोण, परीक्षण खरोखर होते का, मागच्या अंकांतले लेख कसे आहेत, हे त्यानेच पाहायचे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभेत ज्याचा कागद टिकला नाही तो परत जाऊन पुन्हा शोधायला लागायचा. पैसे देऊन छापलेल्या लेखाला ती संधी मिळत नाही, कारण त्याला कोणी विरोधच केलेला नसतो.

परीक्षकांचा अभिप्राय यायला काही महिने लागतात. तो चार प्रकारचा असतो: स्वीकार, किरकोळ दुरुस्त्या, मोठ्या दुरुस्त्या, नकार. पहिल्या फेरीत थेट स्वीकार क्वचितच होतो. मोठ्या दुरुस्त्यांचे पत्र आले तर ती चांगली बातमी समजावी, कारण दोन जाणकारांनी लेख शेवटपर्यंत वाचला आहे. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने, लेखी उत्तर द्यायचे असते. मान्य असेल तर कोणत्या पानावर काय बदलले ते सांगायचे; मान्य नसेल तर पुरावा देऊन का नाही ते नम्रपणे लिहायचे. ‘एका गावावरून तालुक्याचा निष्कर्ष कसा काढता?’ असा प्रश्न इंदापूरवरच्या लेखाला हमखास येईल. त्याचे उत्तर भाषेच्या जोरावर देता येत नाही. शेजारच्या दोन गावांचे आकडे रुमालांतून काढून कोष्टकात घालावे लागतात, आणि ते घालताना पहिला निष्कर्ष डळमळला तर लेख बदलावा लागतो.

एवढा खटाटोप एका गावासाठी का करायचा, याला इंदापूरच्या बाबतीत ठोस उत्तर आहे. १८७५ वरचा सगळा वाद मुख्यतः जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या सरासरीवर लढला गेला. सरासरीत पाटील, कुलकर्णी, मिरासदार, उपरी, बलुतेदार हे सगळे एकाच आकड्यात विरघळतात. गावचे लावणीपत्रक, १८३६ च्या मोजणीतले शेतवार आकार आणि १८६० च्या दशकातली फेरआकारणी शेजारी शेजारी मांडली, तर कोणत्या शेताचा आकार वाढला, ते कुणाच्या ताब्यात होते आणि पुढच्या दहा वर्षांत ते कुणाकडे गेले, हे नावानिशी तपासता येते. नीरा डावा कालवा यायच्या आधीचा कोरडवाहू काळ आणि नंतरचा बागायती काळ, १९३० च्या दशकात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली वालचंदनगरची वसाहत आणि तिने बदललेली आसपासची शेती, यांचाही असाच गाववार अभ्यास होऊ शकतो. त्यासाठी लागणारी मोडी, जंत्री आणि तळटीप ही तिन्ही हत्यारे मराठीतच घडली आहेत. रविंदर कुमार म्हणाले तसे पाटलाचे वजन घटले, की चार्ल्सवर्थ म्हणाले तसे फारसे काही बदलले नाही, हे अंथुर्ण्याच्या शिवारात शेतनंबरानुसार तपासून एखाद्या विद्यार्थ्याने पाठवले, तर दोघांच्याही पुढच्या वाचकाला त्या लेखाची दखल घेणे भाग पडेल.